वर केलेले चार हात

रिकर्शनची, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून काम करण्याची, ओळख बहुतेक ठिकाणी फॅक्टोरियलने (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार) करून देतात. मला ते पटत नाही. चांगला विचार करणारी मुलं लगेच म्हणतात, "हे लूप लावूनही, तीच पायरी पुन्हा पुन्हा करूनही, होतंच की, मग एवढा खटाटोप कशाला?" आणि त्यांचं बरोबर असतं. म्हणून आमच्या कॉम्प्युटर क्लबमध्ये मी थेट एक्स्प्रेशन ट्रीला, म्हणजे झाडासारख्या मांडलेल्या गणिताला, हात घातला.

फळ्यावर पदावली लिहिली: (७ + ३) × (९ − ४ × २). शेजारी तिचं झाड काढलं. सगळ्यात वर गुणाकार, त्याच्या डावीकडे अधिक, उजवीकडे वजा. वजाच्या खाली ९ आणि आणखी एक गुणाकार. टोकांना आकडे. "पण कंस कुठे गेले?" एकाने विचारलंच. कंस झाडाच्या आकारात मुरले. आधी काय सोडवायचं एवढंच कंस सांगतात. झाडात ते कोण कोणाच्या खाली आहे त्यावरून कळतं.

मग ९ मुलांना त्याच आकारात उभं केलं आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली, आकड्याची नाहीतर चिन्हाची. नियम सगळ्यांना एकच. कोणी विचारलं की हात वर करायचा. आकडा असेल तर तो सांगून हात खाली. चिन्ह असेल तर आधी डावीकडच्याला विचारायचं, त्याचं उत्तर आलं की उजवीकडच्याला, मग आपलं गणित करून वरच्याला उत्तर द्यायचं आणि तेव्हाच हात खाली घ्यायचा.

मी फक्त सर्वांत वरच्या मुलीला विचारलं. तिने डावीकडे विचारलं, १० मिळाले. उजवीकडचं उत्तर यायला वेळ लागू लागला तशी ती मान वळवून खाली काय चाललंय ते पाहू लागली. तिला थांबवलं. रिकर्शन अवघड जातं ते नेमकं इथे: मुलं प्रत्येक कॉलच्या, म्हणजे खाली विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाच्या, मागे मनातल्या मनात खाली उतरतात आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर हरवतात. तिला दोन आकडे हवेत, बस्स. उजवीकडून १ आला. तो कसा आला याच्याशी तिला कर्तव्य नाही. तिने १० सांगितलं आणि हात खाली घेतला.

बाकावरून बघणारा एक मुलगा म्हणाला, "माणसं ९ होती, पण एका वेळी ४ हून जास्त हात वर गेलेच नाहीत." मला इतका आनंद झाला! कॉल स्टॅकची, म्हणजे उत्तराची वाट पाहत थांबलेल्या कॉलच्या चळतीची, गोष्ट मी पुढे कधीतरी काढणार होते. त्याने ती डोळ्यांनी पाहिली होती. लगेच नियम बदलून पाहिला: आकड्याने १ म्हणायचं, चिन्हाने खालच्या दोन उत्तरांतलं मोठं घेऊन त्यात १ मिळवायचा. उत्तर आलं ४. झाडाची उंची आणि वर गेलेले हात एकच.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं फंक्शन त्यानंतर मुलांनी स्वतःच लिहिलं. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही, मुलांना दिलेला नियमच तो.

"एका वेळी जास्तीत जास्त किती हात वर राहू शकतात?" हा पुढचा प्रश्न. एकात एक थांबलेल्या कॉलसाठी पायथॉनची ठरलेली मर्यादा १००० ची आहे, ती ओलांडली की रिकर्शनएरर ही चूक दाखवून प्रोग्रॅम थांबतो. करून पाहिलं. २००० एकांची बेरीज, प्रत्येक अधिक आधीच्या अधिकच्या डावीकडे टांगलेलं. प्रोग्रॅम कोसळला. मग तेच एक जोड्या-जोड्यांनी, जोड्यांच्याही जोड्या करत रचले. उंची अवघी १२, उत्तर २००० तत्काळ हजर. आकडे तेच, बेरजा तितक्याच, फक्त आकार वेगळा.

"मग सगळी झाडं अशीच का रचत नाहीत?" याचं उत्तर मी दिलं नाही, ८ − ३ − २ लिहून दिलं. डावीकडे कललेल्या झाडाने ३ म्हटलं, उजवीकडे कललेल्याने ७. अधिकच्या बाबतीत जे खपतं ते वजाच्या बाबतीत खपत नाही. एका गटाने तेवढ्यात आणखी एक आकडा वाढवून किती आकार निघतात ते कागदावर काढायला घेतलं. ५ निघाले. सहावा आहे असा एकीचा आग्रह होता, आणि तो आधीच्याच एकाची नक्कल आहे हे दाखवून देण्यात क्लबची वेळ संपली.