उणे तीनचा चष्मा आणि लेसरचा विचार

गेल्या आषाढात चष्म्याच्या काचेवर पावसाचे थेंब आणि मागावरचे तंतू एकदमच बसू लागले, तेव्हा चष्म्याचा नंबर घालवायला आता लेसर करून घ्यायचेच, असे मी जवळजवळ नक्की केले होते. माझे वय ४१, बेळगावच्या वडगावात घरचे चार यंत्रमाग, उजव्या डोळ्याचा नंबर उणे सव्वातीन, डाव्याचा उणे तीन, आणि गेली कित्येक वर्षे तो तसूभरही हललेला नाही. पुतणी २४ वर्षांची, तिचा नंबर साडेपाच. दोघांनी एकाच दिवशी हुबळीला जाऊन तपासून घ्यायचे ठरवले. ती नेहमी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते, म्हणून दोन आठवडे आधीपासून त्या बंद ठेवायला सांगितले होते. लेन्सच्या दाबाने डोळ्याचा आकार किंचित बदललेला असतो आणि मग मापे चुकतात.

लेसर नेमके काय करतो, हे समजल्याशिवाय या विषयात निर्णय घेता येत नाही. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची जाडी मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त असते. लॅसिक नावाच्या लेसर पद्धतीत सुमारे ११० मायक्रॉनचा पापुद्रा झाकणासारखा उचलतात आणि खालचा थर लेसरने घासून चपटा करतात. एका नंबरामागे ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन जातात. खाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक राहिलेच पाहिजेत, आणि हल्ली अनेक डॉक्टर ३०० वर थांबणे पसंत करतात. म्हणजे हा सरळ वजाबाकीचा हिशेब आहे. माझ्यासारख्या तीन नंबरवाल्याला तो सहज परवडतो. आठ नंबर आणि मुळात पातळ कॉर्निया असेल, तर तो काठावर येतो आणि तेव्हा डॉक्टर डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्सचा पर्याय सुचवतात. पापुद्रा न उचलता वरची त्वचा काढून करायची पद्धतही आहे. तिला पीआरके म्हणतात. तिच्यात तीन-चार दिवस बऱ्यापैकी दुखते आणि नजर स्थिरावायलाही वेळ लागतो.

पुतणीच्या बाबतीत जाडी पुरेशी होती, पण कॉर्नियाचा रंगीत नकाशा संगणकावर आला तेव्हा खालच्या बाजूला लालसर डाग दिसला. तेथे पडदा प्रमाणाबाहेर फुगीर आहे, असा त्याचा अर्थ. केराटोकोनस नावाच्या विकाराची ही सुरुवात असू शकते, आणि तशा कमकुवत पडद्यावर लेसर केल्यास तो पुढे आणखी फुगत जाण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला, ‘डोळे चोळता काय ओ?’ ती माझ्याकडे पाहू लागली. लहानपणापासून ॲलर्जीने तिचे डोळे खाजतात आणि ती मुठीने ते चोळते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे; त्याचा या नकाशाशी संबंध असेल, असे मात्र कुणाच्या मनात आले नव्हते. तिला लेसर नको, सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा काढू, असे सांगण्यात आले.

माझी गोष्ट वेगळ्याच कारणाने फिरली. डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) तपासण्यासाठी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यावर संमतिपत्र हाती आले, इंग्रजी आणि कन्नड. मराठी प्रत नव्हती, याची तक्रार मी तेथे केलीच, कारण आपल्या डोळ्याविषयीचा कागद आपल्या भाषेत मागण्यात संकोच कसला? पण खरी अडचण दुसरीच निघाली. चष्मा लावून त्या कागदावरील एकही ओळ मला वाचता येईना. डॉक्टर हसून म्हणाले, ‘आता चष्मा काढून वाचा की ओ.’ चष्मा काढला आणि दीड वीत अंतरावर अक्षरे पुष्कळशी स्पष्ट झाली.

ते थेंब जवळचे पाहण्याची डोळ्याची शक्ती काही तास बंद करतात, आणि चाळिशीनंतर ती शक्ती वयाने आपोआप ओसरत जाते. उणे तीनचा डोळा मात्र चष्म्याशिवाय ३३ सेंटिमीटरवर मुळातच जुळलेला असतो. लेसरने दूरचा नंबर शून्य केला की ही जुळणी जाते आणि वाचायला अधिक (प्लस) नंबरचा चष्मा लागतो. त्या दुपारी तासाभरासाठी मला माझी पन्नाशी दिसली म्हणा ना! मागावर ताण्याचा धागा तुटतो तेव्हा मी चष्मा कपाळावर सरकवतो, वाकतो आणि गाठ मारतो. दिवसातून कितीदा, ते मोजलेले नाही. हे सोडून पावसात स्वच्छ दिसण्याची सोय विकत घ्यायची का, असा तो प्रश्न होता. एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवता येतो, असेही डॉक्टरांनी सुचवले, पण त्याआधी आठवडाभर एकाच डोळ्यात लेन्स घालून सवय होते का ते पाहा, असे बजावले. मी तीन दिवसांत कंटाळलो. शिवाय लॅसिकनंतर काही महिने डोळे कोरडे राहतात, आणि आमच्या शेडमधील तंतूंत कोरड्या डोळ्यांनी बसणे मला झेपण्यातले नाही.

पंचविशीच्या, नंबर स्थिर असलेल्या आणि नकाशा स्वच्छ असलेल्या माणसाने मात्र माझ्यावरून घाबरू नये. नोकरीच्या आशेने लेसर करणाऱ्यांनी आधी त्या पदाची जाहिरात वाचावी. रेल्वेच्या सहायक लोको पायलटसाठी चष्मा चालत नाही म्हणून आमच्या गल्लीतील एक मुलगा लेसरला निघाला होता. त्या पदाला लेसर केलेला डोळाही चालत नाही, हे त्याला फी भरण्याच्या आदल्या दिवशी कळले. सैन्याच्या प्रत्येक प्रवेशाचे निकष वेगळे आहेत, तेही पाहावेत. ज्यांनी करून घेतले आहे, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीची मापे जपून ठेवावीत. पुढे मोतीबिंदूची लेन्स निवडताना ती उपयोगी पडतात. आणि चष्मा गेला तरी मोठ्या उणे नंबराचा डोळा आतून लांबच राहतो, म्हणून मागचा पडदा तपासत राहावे लागते.

पुतणीचा दुसरा नकाशा दिवाळीनंतर आहे. तोवर वहिनींनी फ्रीजमध्ये ओला रुमाल ठेवायला सुरुवात केली आहे, आणि तिचा हात डोळ्याकडे गेला की घरातील कुणी ना कुणी ओरडतेच.