आधी पत्ता की आधी प्रवेश? कोल्हापूरहून पुण्यात येतानाचा माझा अनुभव

गेल्या वर्षी जानेवारीतले अकरा दिवस मी एका कागदासाठी घालवले. तो कागद म्हणजे आमच्या भाड्याच्या घराचा नोंदणीकृत भाडेकरार होय. पुण्यात कुठे राहावे, हा निर्णय आम्ही दोन महिने अभ्यास करून घेतला होता आणि तो योग्यच ठरला, पण त्या निर्णयाला कागदावर उतरवताना जी ओढाताण झाली, तिचा त्रास अजून मनातून गेलेला नाही. बदली होऊन किंवा नवी नोकरी घेऊन लहान मुलांसह शहर बदलणाऱ्या कुटुंबांना याच वळणावरून जावे लागते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमची परिस्थिती अशी होती की माझ्या पतींची नोकरी हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये ठरली होती, माझी बदली शिवाजीनगरला झाली होती, आणि मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार होती. सुरुवातीला सर्वांनी वाकड सुचवले, कारण ते हिंजवडीला लागून आहे. तेथील घरे नवी आणि प्रशस्त होती, दोन शयनकक्षांच्या घराचे भाडे आम्हाला २६ ते ३० हजार सांगितले गेले; परंतु वाकडहून शिवाजीनगरला रोज जाणे-येणे आणि मुलीची शाळा सुटण्याच्या वेळेपर्यंत दोघांपैकी एकाने घरी पोहोचणे जमणार नव्हते. बाणेरची भाडी ३५ हजारांच्या पुढे होती, शिवाय आम्ही पाहिलेल्या दोन्ही सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकरचा खर्च देखभाल शुल्कात वेगळा धरला जात होता. घर पाहताना हा प्रश्न एजंटला नव्हे, तर सोसायटीच्या पहारेकऱ्याला किंवा तिथे राहणाऱ्या एखाद्या गृहिणीला विचारावा, खरे उत्तर तिथेच मिळते.

शेवटी कोथरूड ठरले. वनाझपासून सुरू होणारी मेट्रो मार्च २०२२ मध्ये गरवारे महाविद्यालयापर्यंत आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाच्या पुढे गेल्यापासून शिवाजीनगरला पोहोचणे हा माझ्यासाठी चिंतेचा विषय राहिला नाही. पतींचा प्रवास मात्र लांबला. चांदणी चौकातून महामार्गाने भूमकर चौक आणि तेथून आत हिंजवडी, असा मार्ग त्यांनी निवड पक्की करण्यापूर्वी मंगळवारी सकाळी साडेआठला आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला स्वतः दुचाकीवरून पार केला. एकदा एक तास पाच मिनिटे लागली, एकदा दीड तास. रविवारी पाहिलेला रस्ता हा रस्ता नसतो, हे आम्ही आधीच्या एका चुकीतून शिकलो होतो. चांदणी चौकातील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडून नवे उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाले नसते, तर कदाचित आम्ही कोथरूड निवडलेच नसते. शाळा घरापासून चालत बारा मिनिटांवर, भाडे २८ हजार, एक लाख अनामत. दोघांचे एकूण गणित याच घराशी जुळत होते.

आणि इथेच आम्ही अडकलो.

शाळेच्या प्रवेश अर्जासोबत परिसरातील निवासाचा पुरावा सक्तीचा होता, आणि भाड्याने राहणाऱ्यांसाठी केवळ नोंदणीकृत करारच ग्राह्य धरला जाणार होता. अर्जाची अंतिम तारीख २० जानेवारी होती. घराचे आधीचे भाडेकरू ३१ जानेवारीला घर सोडणार होते आणि आम्ही प्रत्यक्ष राहायला एप्रिलमध्ये येणार होतो. घरमालकांचे म्हणणे असे की, जेव्हा ताबा घ्याल तेव्हा करार करू. शाळेच्या कार्यालयाचे म्हणणे असे की, करार नसेल तर अर्ज स्वीकारणार नाही. मी कोल्हापूरहून दोनदा गेले, खिडकीपाशी उभी राहून आमची अडचण समजावून सांगितली, माझ्या बदलीचा आदेश दाखवला, घरमालकांचे पत्र देऊ केले. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळाले. प्रवेश मिळेल याची खात्री नसताना घर पक्के करून ठेवायचे, की घर नसताना प्रवेशाची आशा धरायची, या प्रश्नाला त्या खिडकीत उत्तर नव्हते. माझ्या मते कोणत्याही शाळेने बदली होऊन येणाऱ्या पालकांना निवासाच्या पुराव्यासाठी जूनपर्यंत मुदत द्यायला हवी. त्याने कुणाचेही नुकसान होत नाही.

मार्ग सुचवला तो माझ्या वडिलांच्या ओळखीतल्या एका निवृत्त वकिलांनी. त्यांनी लक्षात आणून दिले की, करार ज्या दिवशी नोंदवला जातो तोच दिवस भाड्याच्या मुदतीचा पहिला दिवस असावा, असे कुठेही बंधन नाही. करार जानेवारीत नोंदवून मुदत १ फेब्रुवारीपासून धरता येते, आणि दर महिन्याचे भाडे वेगवेगळे असले तरी ते करारात तसे लिहिता येते. त्याप्रमाणे आम्ही फेब्रुवारी आणि मार्च या दोन रिकाम्या महिन्यांसाठी दरमहा १४ हजार आणि पुढील नऊ महिन्यांसाठी दरमहा २८ हजार असे ठरवले. त्या दोन महिन्यांचे मिळून २८ हजार रुपये आम्ही रिकाम्या घरासाठी मोजले, याची आजही रुखरुख वाटते. पण मुलीच्या शाळेचा प्रश्न त्याने सुटला.

त्यानंतरही अडथळा आलाच. घर मालकांच्या आईच्या नावावर होते. एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला, कारण भाडेकरार ऑनलाइन नोंदवताना दोन्ही बाजूंच्या व्यक्तींची आधारवरून ओळख पटवावी लागते. आजींचे वय चौऱ्याहत्तर. दहाही बोटे झाली, कोमट पाण्याने हात धुऊन झाले, तरी यंत्र ठसा ओळखेना. "चाळीस वर्षं शिवणाचं मशीन चालवलं गं, बोटांवर रेषा राहिल्यात कुठं?" असे त्या मला म्हणाल्या आणि त्यांनाच अपराधी वाटू लागले, तेव्हा मला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न झाला, तोही निष्फळ ठरला. त्या वेळी अर्जाच्या अंतिम तारखेला सहा दिवस उरले होते.

एजंट आधार केंद्रात जाऊन ठसे अद्ययावत करून घ्या म्हणत होता, परंतु त्यात किती दिवस जातील हे कुणी सांगू शकत नव्हते. आम्ही मग दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन दस्त नोंदवायचे ठरवले. पहिल्या दिवशी तिथला सर्व्हर बंद होता. चार तास बसून आजींना परत न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी दोन साक्षीदार, सर्वांची ओळखपत्रे आणि घराचे कागद घेऊन सकाळी साडेनऊलाच पोहोचलो, आणि दुपारी दोनच्या सुमारास नोंदणी झाली. मुद्रांक शुल्क आठशे रुपयांच्या आत बसले, नोंदणी फी एक हजार. खर्च मोठा नाही. शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामत रकमेच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर पाव टक्का, असे काढले जाते. शाळेने कराराच्या सगळ्या पानांऐवजी 'इंडेक्स टू' हा एका पानाचा उतारा पाहिला आणि त्यावरच शिक्का मारून अर्ज घेतला. म्हणून इंडेक्स टूच्या चार प्रती काढून ठेवाव्यात. गॅसच्या जोडणीला आणि बँकेत पत्ता बदलायलाही त्याच लागल्या.

एक गोष्ट सांगायची राहिली. करार नोंदवून घेणे ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार घरमालकाची जबाबदारी आहे, आणि न नोंदवल्यास दंडाची व कैदेची तरतूदही त्यात आहे. मालक टाळाटाळ करू लागले तर हे कलम नम्रपणे दाखवावे. आमच्या मालकांना ते माहीत नव्हते; कळल्यावर त्यांनीच घाई केली. शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणाऱ्या पालकांना तर नोंदणीकृत करार अधिकच आवश्यक असतो, कारण तिथे घर आणि शाळा यांमधील अंतरावर प्राधान्य ठरते.

वयाचा नियमही आधी पाहावा. आमची मुलगी नोव्हेंबरची. राज्याच्या नियमानुसार पहिलीसाठी प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, म्हणून ती पात्र ठरली. केंद्रीय विद्यालयात मात्र ही तारीख ३१ मार्च आहे, त्यामुळे तो पर्याय आमच्यासाठी आपोआप बंद झाला होता. हे न तपासता मी त्या शाळेजवळची तीन घरे पाहून आले होते. तसेच शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, विचारून घ्यावा. आम्ही पाहिलेल्या एका आकर्षक शाळेने तो देण्यास टाळाटाळ केली, तेव्हा आम्ही तिथूनच परतलो. काही शाळा 'पालकांशी संवाद' या नावाखाली मुलाखत घेतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावण्यास मनाई आहे, हे मला त्या वेळी ठाऊक असते, तर मी तिथे अर्धा तास आमच्या शिक्षणाचे आणि उत्पन्नाचे तपशील सांगत बसले नसते.

अर्ज १९ जानेवारीला दाखल झाला. फेब्रुवारीच्या अखेरीस यादीत मुलीचे नाव आले, तेव्हा मी पहिला फोन आजींना केला.