खोडरबर

परवा दुपारी दादरला मुलुंडकडे जाणारी स्लो पकडली. अडीचची वेळ, बायकांचा डबा अर्ध्याहून रिकामा. खिडकी मिळाली, शिवाय समोरच्या बाकावर पाय ठेवण्याइतकी जागा. (ठेवले नाहीत. ठेवता आले असते, एवढंच सुख.) क्लिपा-टिकल्या विकणारी मुलगीसुद्धा माल मांडीवर घेऊन दाराशी पेंगत होती. मी पर्समधून कादंबरी काढली. तिला कालनिर्णयच्या गेल्या वर्षीच्या जून महिन्याचं कव्हर होतं, पाठची बाजू वर. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला मी अळूवडीची कृती वाचतेय असं वाटावं.

गाडीत न्यायचं प्रत्येक पुस्तक मी कव्हर घालूनच नेते. मळू नये म्हणून, असं घरी सांगते. खरं कारण वेगळं आहे. शेजारणीनं पुस्तकाचं नाव वाचलं की तिच्या चेहऱ्यावर मत उमटतं. मग मी पुढची वीस पानं कादंबरी वाचत नाही, त्या मताला मनातल्या मनात उत्तरं देत बसते.

शीवला एक बाई चढल्या. डबा रिकामा असताना नेमक्या माझ्या शेजारी बसल्या. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, ते दुमडू नये म्हणून पोटाशी उभं धरलेलं. कोणी खांद्यावरून वाचायला लागलं की मला मान न वळवता कळतं. त्याचीही एक रीत आहे. पान उलटायच्या आधी आपण जरासं रेंगाळायचं, शेजारणीची शेवटची ओळ होऊ द्यायची, आणि दोघींनीही यातलं काही घडत नाहीये असं दाखवायचं. कुर्ल्यापर्यंत आम्ही अशी तीन पानं मिळून वाचली. कादंबरीतली सून अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सहा वर्षं करते. मग सासू जाते. तेरावं झाल्यावर सून घराच्या सगळ्या खिडक्या उघडते आणि तिला एकदम मोकळं वाटतं. मला तो प्रसंग फार आवडला होता. शनिवारी मैत्रिणींना वाचून दाखवायचा म्हणून पानात तिकीटही घालून ठेवणार होते.

"असं नसतं हो," शेजारून आवाज आला.

मी वळून पाहिलं. "काय?"

"हेच. मोकळं-बिकळं." त्या उठल्या, पाकीट सांभाळत दाराकडे गेल्या आणि विद्याविहारला उतरल्या.

मला रागच आला. चोरून वाचायचं आणि वर शेरा मारायचा! आणि मारायचाच तर थांबून भांडायला नको? घाटकोपरपर्यंत मी त्या बाईंशी भांडत होते. लेखकाच्या बाजूनं चार मुद्देही तयार झाले. विक्रोळीला त्यातले दोन माझे मलाच पटेनात.

शनिवारी आम्ही पाचजणी आळीपाळीनं एकमेकींकडे जमतो. दोघी दादरच्या, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या सभासद. त्यांना त्या १८९८ सालाचा असा काही अभिमान आहे की जणू पायाभरणीला दोघी जातीनं हजर होत्या. पुस्तकांवर बोलायचं म्हणून जमतो आणि बोलतोही, पण किती खरं, ते आमचं आम्हाला ठाऊक. एकजण "भाषा ओघवती आहे" म्हणाली की समजायचं, बाईंनी पुस्तक उघडलेलं नाही. दुसरी जाडजूड ऐतिहासिकशिवाय हात लावत नाही. चारशे पानांखाली तिला पुस्तक म्हणजे पत्रक वाटतं. माझं नेमकं उलटं. मला बारीक पुस्तकं आवडतात. 'रणांगण' १९३९ सालचं, जहाजावर सुरू होतं आणि एका रविवारच्या दुपारी संपतं. पुढचे चार दिवस आपण बोटीवरच असतो. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फूटपाथवरून आणलेले जाड रशियन अनुवाद माझ्याकडे आहेत, पण त्यांचा मुख्य उपयोग इस्त्री नसताना साडीची घडी दाबायला होतो. हे मी त्या चौघींना आजवर सांगितलेलं नाही. तिथे मी "पुन्हा वाचायला घेतलंय" असं म्हणते.

'कोसला'वरून तर आमच्यात एकदा थालीपीठं गार झाली. १९६३ साली पंचविशीतल्या मुलानं लिहिलेल्या पुस्तकावर साठीला टेकलेल्या बायका इतक्या तावातावानं का भांडाव्यात, देव जाणे. एकीच्या मते तो पांडुरंग सांगवीकर निव्वळ बापाच्या पैशावर रडणारा मुलगा. दुसरीनं त्याच्यापायी नवऱ्याशी अबोला धरलेला, लग्नाच्या पहिल्या वर्षात. अर्धा तास तोंडाला तोंड. मग कोणीतरी मनीचं नाव काढलं, त्याची ती धाकटी बहीण, देवी येऊन जाते ती. सगळ्या गप्प. रडणारा मुलगा म्हणणारी उठून थालीपीठं परत तव्यावर टाकायला गेली.

तर मुद्दा असा, की... मुद्दा काय होता? हां, शेरे.

आमच्या लहानपणी पुस्तकाबद्दलचं मत पुस्तकातच असायचं. लालबागला आमच्या चाळीपासून पाच मिनिटांवर वाचनालय होतं. तिथून आणलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीचं संमेलन भरलेलं. 'फारच सुंदर.' त्याखाली, 'सुंदर म्हणणाऱ्याने दुसरे काही वाचलेले दिसत नाही.' त्याखाली, 'आपण लिहून दाखवा.' त्याखाली कुणाच्या तरी पोरानं काढलेलं विमान. समासात तर फारच. नायिकेनं नायकाला नकार दिला, तिथे 'बरोबर केले', आणि चाळीस पानांनी तिनंच होकार दिल्यावर 'मूर्ख'. हस्ताक्षर तेच.

आमचे आप्पा हे सगळं खोडायचे.

ते गिरणीत साचाखात्यात होते. रविवारी सकाळी पुस्तकं परत द्यायची, म्हणून शनिवारी रात्री जेवणं झाली की कॉटवर मांडी घालून बसायचे. हातात तो दोनरंगी खोडरबर, लाल बाजू पेन्सिलीसाठी, निळी शाईसाठी. पान डाव्या तळव्यानं ताणून धरायचं, खोडायचं एकाच दिशेनं, मागेपुढे नाही, म्हणजे कागद चुरगळत नाही. मग फुंकर. चुरा खाली आजीच्या अंथरुणावर पडायचा, त्यावरून आजी बडबडायची. त्यांना कोणी हे सांगितलेलं नव्हतं. वाचनालयातल्या काकांना पत्ताही नसावा. पण पुस्तक आपल्या घरातून जाताना स्वच्छ गेलं पाहिजे, जसं शेजाऱ्याचं भांडं परत देताना. फरक इतकाच, की भांडं आपण रिकामं देत नाही.

खोडण्याआधी मात्र प्रत्येक शेरा वाचायचे. काहींना हसायचे. "ह्या बघ गो, मेल्यान काय लिवल्यान," म्हणून मला दाखवायचे आणि मग खोडायचे.

निळी बाजू फसवी. दिवाळी अंकातलं शब्दकोडं कोणी शाईनं सोडवून ठेवलेलं असलं की आप्पांचा संताप व्हायचा, कारण ते कोडं त्यांना स्वतःला सोडवायचं असे. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वाचनालयातला अंक आपल्यापर्यंत शिमग्याला पोचतो, हे समजून घेण्यासारखं आहे. पण कोडं? आप्पा निळ्या बाजूनं घासत राहायचे, आणि आडवा सात, उभा तीन यांच्या जागी शेवटी आरपार भोक पडायचं.

आजी बाबूराव अर्नाळकर वाचायची. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारा माणूस. त्यामुळे आपल्या हयातीत पुस्तकं संपणार नाहीत याची तिला खात्री होती. झुंजार तिला चारही मुलग्यांहून कर्तबगार वाटायचा. एकदा एका रहस्यकथेच्या बाराव्या की तेराव्या पानावर कुणीतरी ठळक लिहून ठेवलं, 'खुनी डॉक्टर आहे.' आजीनं पुस्तक मिटलं ते थेट देवघराच्या फळीवर ठेवलं, जणू तिथून तरी न्याय मिळेल. आप्पांनी शेरा खोडला, पण पेन्सिल इतकी दाबून चालवलेली की ट्यूबलाइटसमोर पान धरलं की 'डॉक्टर' दिसायचाच. आठवडाभर घरात सुतक. शेवटी मीच ते पुस्तक चोरून वाचून काढलं, आणि खुनी डॉक्टर नव्हताच! भलताच कोणीतरी होता. म्हणजे तो शेरा मारणारा... त्या माणसाला मी आजही शोधतेय. एवढा विनोद त्यानं केला, आणि लोक कसे फसले ते बघायला काही तो हजर राहू शकला नाही. आजीला सांगितलं, तर म्हणाली, "आता सांगतंस? आता माका खराच कोण ता कळला." अंगावर एक पुस्तक फेकलं तिनं. अर्नाळकरच होता, त्यामुळे लागलं नाही.

कव्हरं घालायची सवय मला तेव्हाच लागली असावी. आप्पांना वाचनालयाचं पुस्तक कव्हराशिवाय घरात चालत नसे. कॅलेंडरची पानं महिना संपला की फाडून गादीखाली ठेवलेली असत.

मग संप आला. १८ जानेवारी १९८२. अडीच लाख माणसांचा संप वगैरे आम्हा पोरांना पुढे पुस्तकांतून कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की भोंगा वाजत नाही आणि आप्पा दुपारी घरी असतात. पहिले दोन-तीन महिने मला तर मजाच वाटली. आप्पा रोज एक पुस्तक संपवायचे. पाळी नाही, त्यामुळे शनिवारची वाट बघायचं कारण नव्हतं. खोडरबर रोजच बाहेर. उन्हाळ्यात आईनं मेसचे डबे करायला सुरुवात केली आणि पोळ्या लाटायला जागा हवी म्हणून कॉटवरची जागाही गेली. आप्पा गॅलरीत बसून वाचू लागले. वाचनालयाची वर्गणी थकली होती. काकांनी मागितली नाही, आप्पांनीही विषय काढला नाही. पण त्या दिवसांपासून पुस्तकं बदलायला ते मला पाठवायला लागले.

पावसाळ्यातली गोष्ट. कुठलीशी सामाजिक कादंबरी होती, नाव आता आठवत नाही. त्यातल्या नायकाची नोकरी जाते. प्रकरण संपतं. पुढचं प्रकरण सुरू होतं ते असं, की दुसऱ्या दिवशी तो नव्या उमेदीनं उठला आणि गार पाण्यानं आंघोळ करून बाहेर पडला. त्या ओळीच्या बाजूला, समासात, बारीक अक्षरात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं होतं.

असं नसतं.

उद्गारचिन्ह नाही, खाली रेघ नाही. आमच्याच भागातला कोणीतरी असणार, कार्डावर आमच्याआधी त्या वर्षातल्या तीनच तारखा होत्या.

आप्पांनी पान ताणून धरलं. खोडरबराची लाल बाजू त्या शब्दांवर टेकवली. मी चुरा झेलायला खाली हात धरून बसले होते. आजीची बडबड नको म्हणून तेव्हा ते माझं काम होतं. बराच वेळ काही पडेना. वर बघितलं तर त्यांनी खोडरबर सदऱ्याच्या खिशात टाकला होता आणि पुढचं पान उलटलं होतं.

"आप्पा, ह्या रवला," मी म्हटलं.

"असांदे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत द्यायला मीच गेले. काकांनी उघडून बघितलं नाही. कार्डावर तारखेचा शिक्का मारला आणि दुसरं कुठलं देऊ, असं विचारलं.