विरळणीचा तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा वर्ग, फळा किंवा संमेलनाचा रंगमंच यांच्या आधी मला आठवला तो मैदानाच्या कडेचा गाजराचा वाफा आणि त्यात मी केलेली लबाडी.

बियाणे बारीक; आम्ही मुलांनी ते चिमटीने पेरण्याऐवजी मुठीने फेकले, त्यामुळे रोपे उगवली ती केसांसारखी दाट. दोन-तीन पाने फुटल्यावर बागकामाच्या बाईंनी विरळणी करायला सांगितली. दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर राहील अशा बेताने मधली रोपे काढायची, तीही उपटून नव्हे, तर कात्रीने जमिनीलगत कापून, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळे हलत नाहीत. आपणच पाणी घालून वाढवलेली रोपे कापणे माझ्या जिवावर आले. मी ती ओल्या मातीसकट हळूच उपटली आणि कुंपणालगतच्या कोपऱ्यात नेऊन लावली. मधल्या सुट्टीत त्यांना चोरून पाणी घालताना, आपण कोणाचा तरी जीव वाचवला, असा थोडा अभिमानही वाटत असे.

काढणीच्या दिवशी वाफा रिकामा झाल्यावर बाईंनी काही न बोलता कुंपणाकडे बोट दाखवले. (त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, हे मला फार उशिरा उमगले.) माझी सारी गाजरे दोन-तीन फाट्यांची, एकमेकांत पिळलेली आणि जेमतेम बोटाएवढी निघाली. गाजराचे सोटमूळ कोवळेपणी दुखावले, की ते सरळ खाली जात नाही, एवढेच बाई म्हणाल्या. मला अधिक लागले ते वेगळेच : माझ्या ओळीत मागे राहिलेली काही गाजरेही वाकडी होती, कारण शेजारची रोपे उपटताना मी त्यांचीही मुळे हलवली होती.

गुलाबाची छाटणीही त्याच बाईंनी शिकवली. फांदीच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते आणि शेंडा छाटला की तेच डोळे फुटतात, हे कारण पुढे पुस्तकात वाचले. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घेण्याची सवय मात्र हाताला आधीच लागली होती. झाडे लावायला शिकवणारे पुष्कळ भेटले, काढायला शिकवणाऱ्या बाई एकच.

तरीही खोड जात नाही. निवृत्तीपूर्वी माझे काम धाकट्या सहकाऱ्याकडे सोपवताना, त्याला जड जाईल या सबबीखाली मी चार फायली माझ्याच कपाटात ठेवून घेतल्या होत्या. तो प्रत्येक निर्णयासाठी माझ्या दाराशी येऊन थांबू लागला, तेव्हा मला कुंपणालगतचा तो कोपरा आठवला, आणि त्याच संध्याकाळी त्या फायली मी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.