आमची वाटचाल : माऊसला हात न लावता

आमचं काम पुस्तकांची पानं लावायचं, आणि आम्ही सुरुवात केली ती पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर. दोघं भागीदार, एकच मशीन, आणि त्या मशीनचा माऊस धड चालायचा नाही. माझा भागीदार कीबोर्डवरूनच सगळं करायचा, कंट्रोल-ई दाबून स्टोरी एडिटर, म्हणजे पानाची मांडणी न दाखवता नुसता मजकूर दाखवणारी खिडकी, उघडायचा आणि पानाकडे न बघता करेक्शन संपवायचा, तीच सवय पुढे आमच्या फर्मची ओळख झाली.

तेव्हाचे जुने फॉन्ट ज्यांनी वापरलेत त्यांना सांगायला नको. अक्षर तुकड्यात, वेलांटी आधी मग अक्षर, काना वेगळा. शब्दावर डबल क्लिक केलं की अर्धाच शब्द सिलेक्ट व्हायचा, कारण मधलं एखादं अक्षर सॉफ्टवेअरच्या हिशोबानं कंस किंवा स्वल्पविराम असायचं. माऊसनं ओढायला गेलं की वेलांटी मागे राहायची आणि पुढच्या शब्दाला चिकटायची. आमच्याकडे पद्धत ठरलेली, शब्दाच्या आधी कर्सर, कंट्रोल-शिफ्ट-उजवा बाण, आणि टोक चुकलं तर सिलेक्शन न सोडता नुसत्या शिफ्ट-बाणानं एकेक अक्षर पुढे-मागे. ही पद्धत युनिकोड आल्यावरही आम्ही सोडली नाही.

पुढे इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरवर आलो, कामं वाढली, माणसं वाढली, ती वर्षं चांगली गेली.

मग ते डिरेक्टरीचं प्रकरण. जाडजूड डिरेक्टरी, पहिली आवृत्ती आम्ही लावलेली, दुसरीच्या वेळी दुसऱ्या एका फर्मनं आम्ही अर्ध्या वेळात देतो म्हणून ती उचलली आणि आमचा एक ऑपरेटरही नेला. फाइल आमचीच, त्यात त्यांनी नोंदी वाढवल्या. मजकूर फ्रेमच्या, म्हणजे पानावरच्या मजकुराच्या चौकटीच्या, बाहेर गेला (यालाच ओव्हरसेट म्हणतात), शेवटच्या फ्रेमच्या कोपऱ्यात लाल अधिकचं चिन्ह दिसतं ते कुणी बघितलं नाही आणि प्रत्येक विभागाच्या शेवटच्या नोंदी न छापताच पुस्तक बाहेर. ओव्हरसेट म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस छपाईच्या प्लेटला फाइल देण्याआधी शेवटच्या ओळीत कर्सर ठेवून कंट्रोल-शिफ्ट-एंड मारतो, फ्रेमबाहेर दडलेला मजकूर असेल तर तोही सिलेक्ट होतो आणि इन्फो पॅनलमध्ये शब्दांचा आकडा लगेच दिसतो. एवढंसं काम. ते केलं नाही, आणि वर सगळीकडे सांगितलं की मूळ फाइलच खराब होती.

लोकांनी विश्वास ठेवला. ठरलेली कामं थांबली, बिलं अडकली, दोन मशीन विकली, भागीदार बाहेर पडला. मी फोन करून समजावत होतो तर समोरचा म्हणायचा, बघू नंतर.

टिकले ते एकच ग्राहक, आमचे कोशाचे संपादक, आम्ही त्यांना सर म्हणतो. प्रूफ घेऊन स्वतः ऑपरेटरच्या शेजारी बसणारा माणूस, आमच्या शॉर्टकट त्यांना आमच्याइतक्याच पाठ. त्यांनी डिरेक्टरीवाल्यांना बोलावलं, आमची जुनी फाइल आणि त्या दुसऱ्या फर्मची नवी फाइल शेजारी शेजारी उघडायला लावली. कंट्रोल-वाय, इनडिझाइनमध्ये स्टोरी एडिटर यानं उघडतो. आमच्या स्टोरी एडिटरमध्ये शेवटपर्यंत मजकूर साफ, त्यांच्यात शेवटी बाजूला ओव्हरसेटची लाल रेघ. सरांनी नुसतं बोट ठेवलं. तिसरी आवृत्ती आमच्याकडे परत आली. त्या फर्मनं आजपर्यंत एक शब्द मागे घेतलेला नाही, आणि ते मी विसरलेलो नाही.

नवीन मुलांना सांगतो, आधी क्लिक मोजायला शिका. इनडिझाइनमध्ये दोन क्लिकला शब्द, तीनला ओळ, चारला पॅरा, पाचला अख्खी स्टोरी, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सगळ्या फ्रेममधला मजकूर. कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण मारून पॅरा घेतला की एकदा शिफ्ट-डावा बाण मारायचाच, नाहीतर शेवटची एंटरची खूणही जाते आणि खालचा पॅरा वर येऊन चिकटतो. बाहेरचा मजकूर कंट्रोल-शिफ्ट-व्हीनं पेस्ट करा, म्हणजे त्याचं फॉरमॅटिंग आत शिरत नाही. शॉर्टकट पाठ करायला तक्ता भिंतीवर लावू नका, तक्ता बघायला मान वळवलीत की हात थांबला. रोज एकच घ्या आणि त्या दिवशी तेवढं काम माऊसनं करायचं नाही.

आमचा स्वतःचा शॉर्टकट सेट आहे, एडिट मेनूतल्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये बसून सरांच्या कोशासाठी बनवलेला, शिवाय नोंदीच्या शब्दाला, व्याकरणाला, अर्थाला प्रत्येकी वेगळी स्टाइल, म्हणजे ठरवून ठेवलेलं फॉरमॅटिंग, आणि वेगळी कळ, ती मात्र त्या त्या स्टाइलच्या ऑप्शन्समध्ये दिलेली. सेटची ती छोटीशी फाइल जाताना तो ऑपरेटर घेऊन गेला होता. तिकडे ती कोणी वापरली असं वाटत नाही, कोशाची चौथी आवृत्ती मात्र सध्या आमच्याकडे त्याच सेटवर चालू आहे आणि सर रोज दुपारी प्रूफ घेऊन येतात.