दव वाळायच्या आधीची प्रॅक्टिस

बँड पथकात पोरं गोळा करणं सोपं, टिकवणं महाकठीण. ऑगस्ट लागला की अर्धी शाळा ढोलाभोवती जमायची आणि दिवाळीनंतर वावरात कापूस फुटला की ढोलवाला अन् झांजवाला तेवढे उरायचे. आमच्या सरांनी मात्र पथक वर्षभर वाजतं ठेवलं. ते कसं, हे सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात यायलाच हवं, कारण शाळेच्या रजिस्टरात त्याची नोंद नसणार.

गैरहजर पोराला सरांनी कधी वर्गाबाहेर उभं केलं नाही. "काऊन रे, वेचाले गेल्ता काय?" एवढंच विचारायचे. "हो जी सर," म्हटलं की विषय संपला. मग त्यांनी प्रॅक्टिसची वेळच बदलली. दवात कापूस वेचत नाहीत. ओला वेचला तर पिवळा पडतो, भाव उतरतो. म्हणून हिवाळ्यात प्रॅक्टिस भल्या सकाळी. दव वाळेपर्यंत वाजवायचं, तिथूनच वावरात जायचं, अन् प्रार्थनेच्या घंटेला परत शाळेत. मायबापांची कुरकुर थांबली.

मी बिगुलवाला. बिगुलाला बटणं नसतात. ओठ कमीजास्त आवळून फुंकायचं. त्यातून सा, प, वरचा सा, ग आणि प एवढेच सूर धड निघतात. रे नाही, म नाही. त्यामुळे राष्ट्रगीत बिगुलावर वाजवताच येत नाही. ते बासरीवाले वाजवायचे आणि आम्ही सावधान उभे. वर्षातला सगळ्यात मोठा क्षण आणि आपलं वाद्य मुकं, हे फार लागायचं. पथकातून आधी गळायचे ते बिगुलवालेच. सरांनी झेंड्याची सलामी एकट्या बिगुलांची केली, वर आम्हा प्रत्येकाच्या हाती बासरी दिली. राष्ट्रगीत 52 सेकंदांत बसलं पाहिजे म्हणून सर मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर धरायचे. शेवटच्या 'जय हे'ला त्यांनी मान हलवली की आमचा दिवस सोन्याचा.

मोठा ढोल दांडग्या पोराला द्यायचा, ही सगळीकडची रीत. सर तो ठेका पक्का असलेल्याला द्यायचे. एका वर्षी तो आठवीतल्या एका किडकिडीत पोरीकडे आला. पट्टा तिला इतका लांब व्हायचा की त्याला गाठी मारून ढोल वर घ्यावा लागला. प्रभातफेरीत मुख्याध्यापक, सरपंच, गुरुजी, सगळ्यांचा डावा पाय तिच्या ठोक्यावर पडायचा. गल्लीतल्या चढावर पोरं धापा टाकू लागली, तरी तिचा ठोका हलला नाही. शाळा सुटेपर्यंत तिनं पथक सोडलं नाही. आपल्यावाचून अडतं हे कळलेलं पोर सहसा जात नाही, असं मला आजही वाटतं.

15 ऑगस्ट ते 26 जानेवारी ही मधली पोकळी मोठी. ऑक्टोबरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी येते. आमच्याकडं घरोघरी खंजिरी. सरांनी ती पथकातच आणली. भजनी मंडळातल्या घरची जी पोरं ड्रमला लाजायची, ती खंजिरी घेऊन पुढच्या रांगेत आली. नववीतल्या प्रत्येकानं सहावीतलं एक पोर तयार करायचं, हाही सरांचाच नेम. त्यामुळे दहावीवाले अभ्यासाला लागले तरी पथकात जागा रिकामी राहिली नाही.

आम्ही काही माजी विद्यार्थी महोत्सवानिमित्त नवे साइड ड्रम आणि बासऱ्या देत आहोत. मुख्याध्यापकांना विनंती एवढीच, की वाद्यांच्या कपाटाची किल्ली पोरांकडे असू द्या आणि पुण्यतिथीला पथक गावात काढा. दिवाळीत मी गावातच असतो. बिगुल शिकवायला बोलावलंत तर आनंदानं येईन.