ग्रेट लीजच्या रेक्टरच्या वह्या

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात चेम्सफर्डहून ब्रेनट्रीकडे जाणारी बस आपल्याला ग्रेट लीजला सोडते, तेव्हा चर्च कुठंच दिसत नाही. गाव हमरस्त्याला धरून वसलंय आणि सेंट मेरी चर्च वस्तीपासून दूर, शेतांच्या बाजूला. लग्न असो, मयत असो, गावाला एवढी पायपीट ठरलेली.

चर्चचा मनोरा गोल आहे. अख्ख्या एसेक्समध्ये असे सहाच. कोपरे साधायला घडीव दगड लागतो, तो या भागात नाही. मग कोपरेच नकोत, असा जुन्या गवंड्यांचा हिशेब असावा म्हणतात. भिंत गारगोट्यांची. फुटलेल्या गारगोटीचा आतला भाग काळाभोर, काचेसारखा चकचकीत. बोट फिरवलं की धार लागते.

मी आलो होतो ते इथले रेक्टर, म्हणजे चर्चचे मुख्य पाद्री, अँड्र्यू क्लार्क यांच्यासाठी. मूळचे स्कॉटिश, ऑक्सफर्डचे विद्वान, जुन्या कागदपत्रांत रमणारे. इथला पाद्री नेमायचा हक्क ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजकडे, त्यामुळे १८९४ साली ते या आडगावात आले आणि १९२२ मध्ये मरेपर्यंत इथंच राहिले. ऑगस्ट १९१४ मध्ये त्यांनी रोजनिशी सुरू केली, ती १९१९ पर्यंत चालली. ९२ खंड! ते आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. त्यातला छापून आलेला निवडक भाग मी आधी वाचला होता, म्हणूनच ही वाट धरली.

पहिल्या महायुद्धातल्या लढाईचं वर्णन त्यात शोधू नये. गावात लढाई कशी शिरली, ते आहे. ४ ऑगस्टला युद्ध पुकारलं तेव्हा सुगीचे दिवस होते. बँका सुट्टी वाढवून ६ तारखेपर्यंत बंद, आणि ७ तारखेला उघडल्या तेव्हा सोन्याच्या नाण्यांऐवजी एक पौंडाच्या कागदी नोटा येऊ लागल्या. गावोगावचे धडधाकट घोडे लष्करानं नेले. अफवांना तर ऊत आला होता. बुटांवर बर्फ असलेले रशियन सैनिक आगगाडीनं इंग्लंडमधून जाताहेत, ही अफवा त्या वर्षी देशभर फिरली. रेक्टरसाहेब ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून नोंदवतात, सांगणारा कोण तेही लिहितात. आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप काकांनी एवढं तरी शिकावं.

मला सर्वांत बोलकी वाटली ती भरतीची नोंद. लायन्स हॉलचे ट्रिटन म्हणजे गावचे जमीनदार, धंद्यानं बँकर. त्यांनी आपल्या दोन नोकरांवर सैन्यात जायचा दबाव आणला, म्हणून गावातली पोरं धुसफुसत होती: आधी घरातल्या रिकामटेकड्या मुलांना पाठवा की! पाद्री हा जमीनदाराच्या पंगतीतला माणूस, तरी त्यानं ही कुजबुज जशीच्या तशी टिपून ठेवली. याच जमीनदारांचा सैन्यात अधिकारी असलेला एक मुलगा त्या डिसेंबरात फ्रान्समध्ये मारला गेला. कुजबुजही खरी आणि हेही खरं. त्या वह्यांत दोन्हींना जागा आहे.

पुढं वारा अनुकूल असला की समुद्रापलीकडच्या फ्लँडर्समधल्या तोफांचा आवाज या शेतांपर्यंत यायचा.

त्याच युद्धात आपल्या सातारा-कोकणातली माणसंही गेली, मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. गावोगावी संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. बहुतेक पाट्यांवर नुसता आकडा, नाव नाही. सरकारी हिशेब तेवढाच. पण १९१४ साली गावात कुलकर्णी होते, मास्तर होते, पोस्टमन होते. रोज लिहिणारी माणसं होती. भरतीच्या वेळी कोण कुणावर चिडलं, कुणाची बायको पाटलाच्या दारात जाऊन भांडली, हे कुणीतरी वहीत उतरवलं असेलच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात किंवा आसपासच्या कुणाच्या माळ्यावर तसली चोपडी असेल तर ती रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येतो बघायला.